बिऱ्हाड, परवाना आणि तळ्याचा काठ



मागच्या व्याख्यानात आपण ‘स्व’ या शब्दापाशी येऊन थांबलो होतो. संस्कृतात ‘स्व’ म्हणजे मी, आणि ‘स्व’ म्हणजे धनही. माझ्या मालकीचं जे जे काही आहे ते. एकाच अक्षरात माणूस आणि त्याची मालमत्ता. व्याख्यान संपलं, मी जिना उतरत होतो, तेवढ्यात एका तरुणाने गाठलं. म्हणाला, “सर, ज्याचं स्वतःचं घर नाही त्याच्या ‘स्व’चं काय?” चेष्टेत नव्हता विचारत. घोडबंदर रस्त्याला भाड्याने राहतो, बायको आणि तीन वर्षांची मुलगी आहे, करार दोन महिन्यांनी संपतोय आणि मालक धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी या, तेव्हा बोलू. ते आज आलेत. मागे उभे आहेत. म्हणजे इथेही त्यांना हक्काची खुर्ची नाही. (हशा)

तेव्हा आज शंकराचार्य नाहीत, कांट नाही. आज भाड्याचं घर. आणि तेही हवेतलं नाही, आपल्या ठाण्यातलं. मुंबईला लागून असलेल्या, तळ्यांच्या काठाने वाढलेल्या या गावातलं. ठाण्याला ‘गाव’ म्हणण्याची सवय माझी जात नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मराठीत भाड्याच्या घराला एक सुंदर शब्द आहे, तो आपण विसरत चाललोय. ‘बिऱ्हाड’. बिऱ्हाड म्हणजे नुसती जागा नव्हे. बिऱ्हाड म्हणजे स्टोव्ह, पिंप, ट्रंका, गाद्या, देव, आणि ती माणसं. बिऱ्हाड ‘करतात’, बिऱ्हाड ‘हलवतात’, आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. म्हणजे आपल्या भाषेने घर हे भिंतींपाशी ठेवलंच नाही, राहणाऱ्यापाशी ठेवलं. भिंती मालकाच्या, बिऱ्हाड माझं. कायद्याला मात्र हे वेगळेपण नीट मांडायला फार वर्षं लागली, आणि अजून ते साधलंय असं मला वाटत नाही.

मी ठाण्यात आलो तो १९७८ च्या जून महिन्यात. वय सत्तावीस, मुंबईतल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अधिव्याख्याता, नुकतं लग्न झालेलं. मुंबईत जागा परवडत नव्हती म्हणून ठाणे. हेही जुनंच आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यालाच आली, आणि तेव्हापासून मुंबईत काम आणि ठाण्यात मुक्काम हा प्रकार चालू आहे. नौपाड्यात एका जुन्या घराच्या मागच्या अंगाला दीड खोली मिळाली. मालकीणबाई सत्तरीच्या, विधवा, स्वभावाने प्रेमळ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. “मास्तर, पाणी सकाळी साडेपाचला येतं. उंबऱ्यात चपला ठेवायच्या नाहीत. आणि रेशनकार्ड या पत्त्यावर काढायचं नाही हं.”

पहिल्या दोन गोष्टी कळल्या. तिसरी कळेना. भाड्याची पावतीही त्या देत नसत. दर अकरा महिन्यांनी आम्ही आठवडाभर खोली रिकामी करून कल्याणला मावशीकडे जायचो, आणि मग परत यायचो. सामान त्यांच्याच पडवीत ठेवलेलं असे. बाई स्वतः ते पुसून ठेवत. म्हणजे आम्ही जावं असं त्यांना वाटत नव्हतं. आम्ही गेलो होतो असं दिसावं, एवढंच हवं होतं. हे काय गौडबंगाल आहे, ते समजायला मला कायद्याची पुस्तकं उघडावी लागली. ते आज तुम्हाला सांगतो, कारण आपल्यापैकी प्रत्येक जण एक तर घर देणारा आहे, नाहीतर घेणारा, आणि बहुतेकांना आपण कशावर सही करतो ते माहीत नसतं.

तर बघा. १८८२ साली आपल्याकडे दोन कायदे झाले. एक मालमत्ता हस्तांतरणाचा, दुसरा सुविधाधिकारांचा, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा. पहिल्यात कलम १०५ मध्ये भाडेपट्टा सांगितला आहे. भाडेपट्ट्यात मालक आपल्या मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क ठरावीक काळासाठी दुसऱ्याकडे सोपवतो. तेवढ्या काळापुरता त्या जागेतला एक अंश खरोखर भाडेकरूचा होतो. दुसऱ्या कायद्यात कलम ५२ मध्ये परवाना, म्हणजे लायसन्स, सांगितला आहे. परवान्यात तुम्हाला जागेतलं काहीही मिळत नाही. जे एरवी केलं तर बेकायदा ठरेल, ते करायची मुभा फक्त मिळते. म्हणजे परवानाधारक हा कायद्याच्या भाषेत कोण? ज्याचं तिथे असणं एरवी अतिक्रमण ठरलं असतं, पण सध्या ज्याला ‘चालेल’ म्हटलेलं आहे, असा माणूस.

‘लिव्ह अँड लायसन्स’ हा शब्द आपण दिवसातून चारदा ऐकतो. त्यातलं ‘लिव्ह’ म्हणजे राहणं असं अनेकांना वाटतं. मलाही वाटायचं. ते राहणं नव्हे. ते ‘लिव्ह’ म्हणजे अनुमती. रजेच्या अर्जात असतं ते. दोन्ही शब्द परवानगीचेच. त्या कागदावर राहण्याचा शब्दच नाही.

आता तुम्ही म्हणाल, नावात काय आहे. नावावर सगळं अवलंबून नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९५९ मध्ये म्हटलं. खटला गंमतीदार होता. दिल्लीतल्या इम्पीरियल हॉटेलात एक गृहस्थ दोन खोल्यांत केशकर्तनालय चालवत होते. कागदावर लिहिलं होतं परवाना. प्रश्न आला, हा भाडेकरू की परवानाधारक? न्यायालयाने सांगितलं की कागदाचं शीर्षक पाहू नका, व्यवहाराचं सार पाहा; जागेचा ताबा सर्वस्वी कोणाकडे होता, उभय पक्षांचा हेतू काय होता, ते पाहा. आणि बहुमताने ते केशकर्तनालयवाले भाडेकरू ठरले. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात आपलाच प्रश्न दिसतो: वस्तूचं नाव आणि वस्तूचं स्वरूप.

पण नौपाड्यातल्या बाईंना इम्पीरियल हॉटेल माहीत नव्हतं. त्यांची भीती दुसरीकडून आली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकतील म्हणून सरकारने ती रोखली. मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्यात प्रमाणभाडं धरलं गेलं ते १ सप्टेंबर १९४० चं. कायदा तात्पुरता होता. तात्पुरती गोष्ट आपल्याकडे किती टिकते ते मी सांगायला नको. मुदत वाढत वाढत तो शतक संपेपर्यंत चालला. भाडेकरूला त्याने मोठं संरक्षण दिलं, हे खरं आहे, आणि ते गरजेचं होतं. गिरणीकामगार, कारकून, शिक्षक त्यामुळेच या शहरात टिकले. पण भाडं गोठलं ते गोठलं. घराचा पत्रा बदलायला जेवढा खर्च येतो तेवढं वर्षाचं भाडं नाही, अशी अवस्था आली. मालकाने डागडुजी सोडली. भाडेकरू म्हणे घर तुमचं, तुम्ही दुरुस्त करा. मालक म्हणे राहता तुम्ही, तुम्ही करा. दोघांच्या मधे पाऊस. अशा जुन्या इमारतींपैकी कितीतरी आज महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत दर पावसाळ्याआधी झळकतात. आणि जिथे भाड्यातून पैसा येत नाही तिथे तो दुसऱ्या दाराने आला. तीच पागडी. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की ही गोठलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अन्यायकारक झाली आहे.

मालकांनी यातून पळवाट काढली होती, ती परवान्याची. भाडेकरू ठेवायचाच नाही, परवानाधारक ठेवायचा. त्याला संरक्षण नाही. मग सरकारने १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली: १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो परवान्यावर राहत असेल तो भाडेकरू समजला जाईल. एका तारखेने हजारो परवानाधारक संरक्षित भाडेकरू झाले. आणि हजारो मालकांच्या पोटात गोळा आला. माझ्या मालकीणबाईंच्या पुढच्या खोल्यांत राहणारं कुटुंब असंच १९७३ मध्ये ‘कायमचं’ झालं होतं. म्हणून मला पावती नाही, रेशनकार्ड नाही, आणि अकरा महिन्यांनी कल्याणची वारी. बाई लबाड नव्हत्या. पुन्हा अशी एखादी तारीख येईल, या भीतीत त्या जगत होत्या.

आता ते ११ महिने. ते कुठून आले? १९०८ च्या नोंदणी कायद्यात असं आहे की एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून एक महिना कमी. इतकं साधं. पण आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो वा परवाना, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला शिक्षा आहे, आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी टाळण्यासाठी ११ महिने, या युक्तीत महाराष्ट्रापुरता २००० सालापासून काही अर्थ उरलेला नाही. ६० महिन्यांपर्यंतचा परवाना करता येतो. तरी आपण अकराच लिहितो. एजंट बोटाचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याच्याकडे मसुदा तयार असतो, त्यात ११ असतात, आपण अंगठा टेकवतो. कारण मेलं आणि रिवाज राहिला.

दुसरा भ्रम याहून जबर. “बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं.” हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा घरमालक मला दाखवा. बारा वर्षांची ती गोष्ट मुदतीच्या कायद्यातली, प्रतिकूल कब्जाची आहे. म्हणजे मालकाची मालकी नाकारून, उघडपणे, त्याच्या विरोधात जो जागा बळकावून बसतो त्याची. जो तुमच्या परवानगीने राहतो, महिन्याला पैसे देतो, त्याचा ताबा प्रतिकूल नाहीच. तो बारा काय, तीस वर्षं राहिला तरी तेवढ्यानं मालक होत नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीही हे ओळखलं होतं. त्यांनी ‘आगम’ आणि ‘भुक्ती’ वेगळे केले; आगम म्हणजे मालकी कशी आली ते, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग. याज्ञवल्क्य स्मृतीत जमिनीची वीस वर्षं सांगितली आहेत, पण तीही केव्हा, तर मालक डोळ्यांनी पाहत असून काही बोलत नाही तेव्हा. दर महिन्याला भाडं घेणारा मालक काही मुका बसलेला नसतो. उलट मुदत संपल्यावर परवानाधारक हलला नाही, तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तेवढ्या काळाचं शुल्क दुप्पट दराने वसूल होतं. कायदा आज या प्रकारच्या करारात जवळजवळ संपूर्ण मालकाच्या बाजूला आहे.

हे मी तुम्हाला इतक्या ठामपणे सांगतोय, पण हे मला केव्हा कळलं, ते सांगतो. उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांत मी घोडबंदर रस्त्याला एक छोटा फ्लॅट घेतला आणि भाड्याने दिला. एक कुटुंब आलं. नवरा एका कंपनीत हिशेबनीस, बायको शिकवण्या घेणारी, मुलगी. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले. भाडं एक तारखेला यायचं, कधी दोन नाही. चौथ्या वेळी मुलगी दहावीत जाणार होती. ते म्हणाले, “सर, या वर्षी तेवढं दोन वर्षांचं करू या का? मुलीला मधेच हलवायला नको.” मला तोपर्यंत दोघा-तिघांनी सांगितलं होतं, फार मुरू देऊ नका, बारा वर्षांचा कायदा आहे. अहो, बारा वर्षांना अजून नऊ बाकी होती! आणि मी तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेला माणूस. मी त्यांना नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. ते बदलापूरला गेले. मुलगी वर्षभर गाडीने ठाण्याच्या शाळेत येत-जात होती, हे मला नंतर कळलं. डिपॉझिटमधून मी रंगकामाचे पैसे कापून घेतले, सगळे घेतात म्हणून. भिंती चांगल्या होत्या. किल्ली शेजारी ठेवली होती आणि सोबत चिठ्ठी, ‘स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला आहे.’ एवढंच.

त्यानंतर कायदा वाचला मी. आधी वाचायला हवा होता. रंगकामाचे पैसे परत पाठवले. ते त्यांनी घेतले आणि ‘मिळाले’ एवढा निरोप आला. त्यांनी आणखी काही लिहायला हवं होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

नौपाड्यातल्या बाईंची भीती निदान खऱ्या तारखेची होती. माझी ऐकीव होती. आणि बाईंनी मला कधी जायला सांगितलं नाही. सहा वर्षं राहिलो आम्ही तिथे.

परवान्याचं हे एक अंग फार बोललं जात नाही. परवानगी नाकारायला कारण लागत नाही, आणि कारण लागत नाही म्हणून कुठलंही चालतं. ‘फक्त शाकाहारी’. ‘बॅचलर नको’. एकट्या राहणाऱ्या बाईला चौकशा. आडनाव ऐकलं की “जागा गेली हो कालच.” मुंब्रा १९९२-९३ च्या दंगलींनंतर एवढं का भरलं, याचं उत्तर ज्यांना इतरत्र कोणी घर दिलं नाही ते लोक देऊ शकतील. तेही ठाणे महापालिकेतच येतं बरं का. सोसायट्यांचंही तसंच. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये असा २००१ चा शासनाचा आदेश आहे. पण भाडेकरू म्हणजे तात्पुरता, ही नजर कुठल्या आदेशाने जाणार? टाकी कधी भरते, लिफ्ट कधी अडकते, हे परदेशी असलेल्या मालकापेक्षा त्याला अधिक माहीत. सर्वसाधारण सभेत मात्र तो नाही.

आता या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. आणि त्यासाठी मला तुम्हाला तलावपाळीवर न्यायचंय.

दीड खोलीत पुस्तक उघडून बसायला जागा नव्हती. बायको स्वयंपाक करत असली की मी बाहेर. म्हणून संध्याकाळी गाडीतून उतरलं की मी मासुंदा तलावाच्या काठाला जाऊन बसायचो. पलीकडे कोपिनेश्वर, अलीकडे गडकरी रंगायतन. ते त्याच वर्षी, १९७८ मध्ये, उघडलं. माझी सुरुवातीची कितीतरी व्याख्यानं त्या कठड्यावर तयार झाली. तिथे मला कोणी विचारलं नाही की तुम्ही मालक की भाडेकरू. माझ्या शेजारी नौपाड्यातले तीन-तीन घरांचे मालक बसत, भेळवाला उभा असे, कचेरीतले शिपाई बसत. घरात मी परवान्यावर होतो. तळ्यावर कोणाच्याच परवान्यावर नव्हतो.

हे कसं झालं? तळं खणणं हे आपल्याकडे ‘पूर्त’ कर्म. यज्ञ हे ‘इष्ट’. विहीर, तळं, झाडं लावणं हे ‘पूर्त’. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात यावर आख्खं प्रकरण आहे, ‘प्रतिष्ठा आणि उत्सर्ग’. उत्सर्ग म्हणजे सोडून देणं. तळं बांधून झालं की बांधणारा ते सर्व भूतमात्रांसाठी सोडून द्यायचा. दानात घेणारा ठरलेला असतो; उत्सर्गात घेणारा ठरलेला नाही, सगळेच घेणारे. मग शास्त्रकारांना प्रश्न पडला की बांधणाऱ्याने स्वतः त्याचं पाणी प्यावं का? दिलेलं परत घेतल्यासारखं नाही का होणार? उत्तर असं की सर्व भूतमात्रांत तोही आलाच. त्याने प्यावं, पण मालक म्हणून नव्हे. सगळ्यांतला एक म्हणून.

फार सुंदर कल्पना. पण इथेच थांबलो तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. सर्व भूतमात्रांसाठी सोडलेल्या तळ्यावर आपण गुरांना येऊ दिलं आणि माणसांना येऊ दिलं नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्यायलं, आणि त्यावर सवर्णांनी जो दावा लावला, त्याचा मुद्दा काय होता? तळं सार्वजनिक नाही, आमचं खाजगी आहे. म्हणजे ‘तुम्हाला इथे येण्याचा हक्क नाही’ हे म्हणण्यासाठी आधी मालकीच सांगावी लागली. तो दावा चालत चालत उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका घोटभर पाण्यासाठी दहा वर्षं. म्हणून ‘तळं सगळ्यांचं’ हे वाक्य मी सहज म्हणत नाही.

आज तसं म्हणण्यात दुसरी अडचण आहे. ठाण्यात साठाच्या वर तळी होती असं जुने लोक सांगत. महापालिका आज पस्तीसच्या आसपास मोजते. जी उरली, त्यांतली काही चांगली राखली आहेत. गणपतीत कृत्रिम हौद केले, त्याने मोठा फरक पडला. उपवनला येऊरच्या डोंगराचं प्रतिबिंब पडतं, कचराळीवर पहाटे चालायला गर्दी. आणि तळं चांगलं झालं की काय होतं? भोवतालच्या घरांची भाडी चढतात. जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ येतो. खिडकीतून तळं दिसतं म्हणून महिन्याला काही हजार जास्त. तळं मालकाने खणलं नाही, त्यातला गाळ त्याने काढला नाही, ते त्याच्या मालकीचंही नाही. पण त्याच्याकडे पाहण्याचं भाडं मात्र त्याला. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये खंडाबद्दल हेच दाखवलं होतं की खंड मालकाच्या कष्टातून येत नाही, जमिनीच्या चांगलेपणातल्या फरकातून येतो. आणि चांगलेपणा इथे कोणी निर्माण केला? गावाने. करातून. त्या करात भाड्यातून भाडेकरूही आलाच. तो एकाच तळ्याचे दोनदा पैसे देतो, आणि मग एक दिवस भाडं एवढं चढतं की त्याला तळ्यापासून लांब, कळव्याला, दिव्याला, बदलापूरला जावं लागतं.

माझा स्वतःचा तो फ्लॅट ‘लेक व्ह्यू’ नाही. असता तर मीही घेतलेच असते, खोटं कशाला बोलू.

तर तुमचा प्रश्न: घर नाही त्याच्या ‘स्व’चं काय? मला दोन वह्या दिसतात. एक सोसायटीची सभासदांची वही. तिच्यात विचारतात, मालक कोण? दुसरी मतदारयादी. १९५० चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा आहे, त्यात यादीत नाव यायला माणूस तिथे ‘सामान्यतः राहणारा’ असावा लागतो. आणि कलम २० सुरुवातीलाच स्पष्ट करतं की एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावर कोणी तिथला राहणारा ठरत नाही. वाचा ते कलम. घर असून जो राहत नाही तो गावाचा नाही. घर नसून जो राहतो तो गावाचा. ‘बिऱ्हाड’ या शब्दाने जे आधीच ठरवलं होतं, तेच राज्यघटनेच्या सावलीत लिहिलं गेलंय. ‘स्व’मधली मालमत्ता बाजूला काढल्यावर जे उरतं ते ‘राहणं’ आहे, आणि नगरसेवकाला तळ्यातल्या जलपर्णीबद्दल जाब विचारायला तेवढं पुरतं. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. लागतो तो पत्ता, आणि म्हणूनच रेशनकार्ड काढू नका म्हणणं, पोलिसांत नोंद करू पण मतदारयादीत नाव घालू नका म्हणणं, हे मला आज साधं वाटत नाही. तेव्हा मी ऐकलं. १९८० ची निवडणूक झाली तेव्हा माझं नाव ठाण्याच्या यादीत नव्हतं, तळ्याकाठी दोन वर्षं बसून.

वेळ होत आली, संयोजक घड्याळ दाखवतायत. मागच्या या गृहस्थांसाठी व्यवहाराचं थोडं सांगतो, बाकीच्यांनीही ऐकावं. मालकाकडे अकरा मागू नका, छत्तीस महिने मागा; दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढेल ते आत्ताच लिहून टाका, त्याने मालकाची निम्मी भीती जाते. किती महिने दोघांनीही करार मोडायचा नाही, ते लिहा. बहुतेक मसुद्यांत ते बंधन फक्त राहणाऱ्यावर टाकलेलं असतं, ते दोघांवर हवं. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगकाम कोणाचं, तेही लिहा. आत जाताना भिंतींचे, नळांचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवा. करार नोंदवलेला हवा, त्याची प्रत तुमच्या हातात हवी. आणि मालक बारा वर्षांचं काही बोलला, तर त्याला हे व्याख्यान पाठवा. नाहीतर माझा नंबर द्या, मी बोलतो त्याच्याशी. मला अनुभव आहे.

हां, त्या बाई हात वर करतायत, त्यांना माइक द्या.